जहाजावरून उतरल्यावरचे दोन दिवस

फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आमची मुलगी प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर, तिथल्या बेकरीत नोकरी करते. जहाज किनाऱ्याला लागलं, रेंज मिळाली, की तिचा फोन यायचा. त्याला ठरलेली वेळ नसे. हातातलं काम तसंच टाकून उचलावा लागे.

अमरावतीला ती हॉटेल मॅनेजमेंट शिकली आणि तिथूनच तिची निवड झाली. चार वर्षं झाली होती. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग दोन महिने घरी, दारव्ह्याला, असं तिचं चाले. त्या फेब्रुवारीत तिचे नऊ महिने संपणार होते आणि मी दिवस मोजत होते.

"आई, मी या खेपेला घरी नाही येत," ती म्हणाली.

मी हातातली शेंग टोपलीत टाकली.

तिनं सगळं सांगितलं. तिला वरची जागा मिळत होती, पण दुसऱ्या जहाजावर, आणि ते जहाज सिंगापूरहून सुटणार होतं. हे जहाज मुंबईला शुक्रवारी सकाळी लागणार आणि रविवारी दुपारी तिचं विमान. मधल्या दोन दिवसांत दारव्ह्याला यायचं म्हटलं तर एक दिवस यायला आणि एक जायला.

"म्हणून तुम्हीच या," ती म्हणाली. "या जहाजावरच्या माह्या शेवटच्या फेरीत घरच्या दोघांना घेता येते. मुंबईहून गोवा, अन् परत मुंबई. चार दिवस. बोटीवर मी कामावर राहीन, भेट अशी होणार नाही. खरी भेट उतरल्यावर. दोन दिवस मुंबईत राहू. ते दोन दिवस नीट ठरवा."

मी तिला विचारलं, तुला काय हवं त्या दोन दिवसांत. ती हसली.

"मले फक्त खिडकीवाली खोली पाहा. चार वर्षं झाली, आमच्या खोल्याईले खिडक्याच नाही. अन् आई, एक लक्षात ठेव, खिडकीतून…"

तिथंच फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

संध्याकाळी हे फिरून आले तेव्हा मी यांना सगळं सांगितलं. यांची नोकरी एसटीत गेली. पहिली काही वर्षं नेरला आणि मग बावीस वर्षं दारव्ह्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. कोणती गाडी कधी लागली, कधी सुटली, किती उशीर झाला, हे लिहायचं आणि लाऊडस्पीकरवरून सांगायचं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी दुपारी झोपेत यांच्या तोंडून कधीतरी "नेरमार्गे अमरावती" निघतं. मी स्वतः सरकारी दवाखान्यात नर्स होते. तेव्हा आमच्या घरात दोन माणसं दुसऱ्यांच्या वेळा सांभाळण्यात म्हातारी झाली, असं म्हणता येईल.

यांनी सगळं ऐकून घेतलं.  मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, त्याचं एक पान फाडलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा मारल्या आणि वर लिहिलं, शुक्रवार.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. यांचा तक्ता रोज भरत गेला. शुक्रवारी साडेनऊला बंदराबाहेर. सव्वादहाला खोलीवर सामान. दहा पन्नासला गेटवे. मग म्युझियम, मग जेवण, मग मत्स्यालय, मग राणीचा बाग. दोन ठिकाणांच्या मध्ये किती वेळ लागेल ते यांनी मुंबईत राहणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांना फोन करकरून विचारलं. शनिवारी सकाळी सव्वासातला चैत्यभूमी. ते एक माझ्या सांगण्यावरून. बाकी सगळं यांचं.

"तिले थोडं बसू द्यान," मी म्हणाले. "चार दिवसाची थकून येईल."

"बसाले टॅक्सी आहे ना," हे म्हणाले. "दोनच दिवस आहेत. ते बसून घालवाचे कायले?"

माझा तक्ता वेगळा होता, तो कागदावर नव्हता. मला तिला जेवू घालायचं होतं. तुरीच्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर, आमच्याकडची कोथिंबिरीची सांबारवडी. नऊ महिने ती दुसऱ्यांसाठी पाव भाजत होती आणि स्वतः काय खात होती देव जाणे, म्हणजे मी देव मानत नाही, पण तोंडात येतं. म्हणून मला अशी खोली हवी होती जिथं गॅस असेल, निदान एक शेगडी.

खोली शोधायचं काम आमच्या शेजारच्या सुनेनं केलं. ती शाळेत शिकवते आणि मोबाइलवर तिचा हात चालतो. आमच्या ओसरीवर बसून तिनं आम्हाला एकेका लॉजचे फोटो दाखवले. पांढऱ्या चादरी, टॉवेलांचे केलेले हंस.

"काकू, या फोटोवर जाऊ नका," ती म्हणाली. "लॉजचे फोटो अन् लग्न जमवाचे फोटो, एकच प्रकार."

शेगडीवाली एक खोली सापडली, पण ती बंदरापासून फार लांब होती आणि तिला खिडकी असेल असं दिसेना. दुसरी सापडली ती बंदराजवळ, जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. फोटोत खिडकी होती आणि खिडकीभर समुद्र. यांनी मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ तो फोटो पाहिला.

"हीच," हे म्हणाले. "पोरगी खिडकी म्हणे ना? ही पाहा खिडकी."

तिथं शेगडी नव्हती. मी म्हणाले, मग सांबारवडी इथूनच करून नेते. अशी आमची तडजोड झाली.

मध्ये एकदा मुलीचा फोन आला. ती घाईत होती, मागं भांड्यांचा आवाज येत होता. हे मोठ्या आवाजात म्हणाले, "खोली पाह्यली बेटा. एकदम समोर समुद्र." ती म्हणाली, "बरं बाबा." तिच्या "बरं"मध्ये काहीतरी होतं. ते मला ऐकू आलं, यांना आलं नाही. मी विचारायला हवं होतं, पण तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली.

निघायच्या आदल्या दिवशी गल्लीतले दोघं-तिघं विचारायला आले, कुठं चाललात. हे म्हणाले, "मुंबईले. पोरीकडे." तेवढंच.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलगी पहिल्यांदा जहाजावर गेली त्या वर्षी एका लग्नात यांच्या एका नातेवाइकानं पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पोट्टी बोटीवर पाठवली म्हंते? तिथं रातभर कायचं काम असते?" दोन-चार जण हसले. हे जेवण अर्धं टाकून उठले. त्या दिवसापासून कुणी विचारलं की हे सांगायचे, मुंबईला एका हॉटेलात आहे. मुलगी सुटीत आली की लोक तिलाच विचारायचे, कोणत्या हॉटेलात, आणि तिनं एक नाव ठरवून ठेवलं होतं. बापलेकीत या विषयावर कधी बोलणं झालं नाही. मीही काढला नाही. घरात काही गोष्टी अशा असतात की त्यांना वळसा घालून चालायची सवय होते.

आम्ही नेरवरून बडनेऱ्याला आलो, तिथून रेल्वेनं मुंबईला. जहाज पाहिलं तेव्हा मला आधी ते जहाज वाटलंच नाही. बंदराच्या मागं उभी असलेली एखादी इमारत वाटली. हे मान वर करून मजले मोजत राहिले आणि मागच्या माणसांनी पुढं व्हा म्हणेपर्यंत हलले नाहीत.

जहाजावरचे चार दिवस मी थोडक्यात सांगते, कारण ते आमचे नव्हते. गाणी, पोहायचा हौद, नाच, पाहावं तिकडं खाणं. मुलगी आम्हाला रोज दुपारी अर्धा तास भेटायची, पांढऱ्या कपड्यांत, केस जाळीत बांधलेले, डोळ्यांखाली काळं. हातांच्या मागच्या बाजूला भट्टीचे जुने चटके होते. नर्स असल्यामुळं माझी नजर आधी तिथंच गेली. तिनं हात मागं घेतले.

पण एक सकाळ सांगते. नाश्त्याच्या वेळी मोठ्या टेबलावर पाव मांडलेले असत. गोल, लांब, वेणी घातल्यासारखे, तीळ लावलेले, वीस-पंचवीस प्रकार. हे प्लेट घेऊन त्या टेबलासमोर उभे राहिले. शेजारी एक बाई होत्या, पुण्याच्या असाव्यात. त्या आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "हा वेणीचा घ्या. इतका छान पाव मी कुठं खाल्ला नाही." हे त्यांच्याकडं पाहत राहिले. ओठ हलले, पण बोलले काहीच नाहीत. नंतर आमच्या टेबलावर येऊन बसले तेव्हा यांच्या प्लेटमध्ये तीन वेण्या होत्या. तिन्ही खाल्ल्या, लोणी न लावता.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला आम्ही बंदराबाहेर आलो. अगदी तक्त्याप्रमाणे. फक्त मुलगी आली नव्हती. तिला आधी काम दुसऱ्याच्या हवाली करायचं होतं, मग कागदपत्रं, मग शिक्के. आम्ही बंदराच्या दालनात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. दहा पन्नास झाले. हे पेन काढून तक्त्यावर बारीक अक्षरात वेळा पुढं ढकलत राहिले. बारा वाजता म्युझियम खोडलं. एक वाजता मत्स्यालय. मला वाटलं चिडतील, पण हे शांत होते. स्टँडवर आयुष्यभर हेच केलेलं.

ती अडीच वाजता आली. दोन बॅगा, अंगात निळा टीशर्ट, केस मोकळे. आता ती आमची दिसत होती. तिनं आम्हा दोघांच्या खांद्यावर एकदम हात टाकले आणि तशीच उभी राहिली.

लॉजवर पोचलो. खोली फोटोतल्यापेक्षा लहान होती, पण खिडकी खरी होती आणि समुद्रही. यांनी पुढं होऊन पडदा सरकवला आणि बाजूला उभे राहून तिच्याकडं पाहिलं. दुपारचं पाणी चमकत होतं. दूर दोन जहाजं उभी होती.

ती पाहत राहिली. मग म्हणाली, "छान आहे बाबा." पलंगावर बसली, बूट काढले, आणि आम्ही चहा सांगेपर्यंत आडवी होऊन झोपली. मी उठून पडदा ओढून घेतला.

ती झोपलीच. सहा वाजले, आठ वाजले. एकदा उठून पाणी प्याली, सांबारवडीचे दोन तुकडे डोळे मिटूनच खाल्ले, पुन्हा झोपली. हे बाहेरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. मांडीवर तो तक्ता. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"राणीचा बाग गेला," हे म्हणाले.

"जाऊ द्या."

"तिले समुद्र नाही आवडला. तुले दिसलं का?"

मला दिसलं होतं. यांना दिसलं असेल असं वाटलं नव्हतं.

"नऊ महिने पाण्यावरच होती ती," मी म्हणाले. "तुमच्या निवृत्तीनंतर तुमाले कोणी सहलीले न्यून एसटी डेपोसमोरची खोली देली असती तं?"

हे हसू लागले. आवाज न करता, खांदे हलवत. चार दिवसांत पहिल्यांदा.

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता चैत्यभूमी होती. ती सव्वासात वाजता झोपलेली होती. मी आंघोळ करून खाली गेले. काउंटरवर लॉजचे म्हातारे मॅनेजर बसले होते. मी त्यांना म्हणाले की आम्हाला खोली बदलून हवी आहे, समुद्र नसलेली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ताई, लोक समुद्रासाठी भांडतात."

"आम्हाला नको."

मागच्या बाजूला एक खोली रिकामी होती. ते किल्ली घेऊन स्वतः दाखवायला आले. खोली साधीच, पण खिडकी मोठी. खाली एक गल्ली. समोर दोन मजली चाळीवजा घर, दोरीवर धुणं, एका गॅलरीत तुळस, एकीत पोपट. गल्लीच्या तोंडाशी पिंपळ. भाजीची गाडी उभी होती आणि एक बाई भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती. मी म्हणाले, हीच.

दहा वाजता मुलगी उठली. मी तिला तशीच, केस पिंजारलेली, मागच्या खोलीत घेऊन गेले. ती खिडकीशी गेली, गज धरले आणि खाली पाहू लागली. बराच वेळ. भाजीच्या गाडीशी एक बाई आली, गेली, दुसरी आली. पोपट ओरडला. समोरच्या गॅलरीत एक आजोबा येऊन पेपर उघडून बसले.

"हेच सांगत होती मी त्या दिवशी फोनवर," ती म्हणाली. "खिडकीतून माणसं दिसली पाह्यजे. कोणीबी. ओळखीचे नसले तरी चालते."

सामान हलवायला हे आणि मॅनेजर दोघं लागले. आम्ही दोघी जिन्यापाशी होतो. मॅनेजरनी सहज विचारलं, मुलगी काय करते, शिकते का. मी जिन्यावर थांबले. माझ्या मागं मुलगीही थांबली.

यांच्या हातात तिची बॅग होती. यांनी ती खाली ठेवली.

"जहाजावर आहे," हे म्हणाले. "ब्रेड बनवते. दोन हजार माणूस सकाळी तिच्या हातचं खाते. आता सिंगापूरले चालली, वरच्या जागेवर."

"अरे वा," मॅनेजर म्हणाले आणि बॅग उचलून पुढं गेले. त्यांच्यासाठी त्यात विशेष काही नव्हतं. मी मागं वळून मुलीकडं पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.  नव्या खोलीत गेल्यावर तिनं बापाच्या हातातून दुसरी बॅग घेतली आणि म्हणाली, "बाबा, भूक लागली."

त्या दिवशीचं जेवण आम्ही खिडकीत बसून केलं. घरून आणलेल्या भाकरी कडक झाल्या होत्या. मॅनेजरनी खालून दही पाठवलं. खाता खाता ती एकदम म्हणाली, "मी त्या नव्या जागेचं नाही म्हणून सांगावं म्हणते."

मी तिच्यापुढं दही सरकवलं.

तिला सहा माणसांच्या तुकडीवर प्रमुख म्हणून नेमलं होतं. सहाही पुरुष, सगळे तिच्याहून मोठे, कुणी दहा वर्षं तर कुणी पंधरा वर्षं काम केलेले. एकानं आधीच निरोप पाठवला होता की मुलीचे हुकूम आपण घेत नसतो. ती म्हणाली, "काम येते मले. पण रोज उठून कोणाची तरी नजर झेलाची, अन् समुद्राच्या मधात. तिथं बाहेर जाऊन रडाले बी जागा नाही."

 मी आयुष्यभर इंजेक्शन देताना "काही होत नाही" म्हणत आले, पण ते इथं चालणार नव्हतं.

हे हात धुऊन आले आणि तिच्यासमोर बसले.

"तुले एक सांगत नव्हतो मी," हे म्हणाले. "तुह्या आईले बी अर्धंच माईत आहे. नेरले मी नवीन लागलो तेव्हाची गोष्ट. गाडी सुटाच्या आधी ड्रायव्हरले कागद द्यावा लागे, सही करून. पाच-सहा जण होते, माह्या हातातून कागद घेत नव्हते. टेबलावर ठेव, म्हणत. काहून ते समजलं ना तुले?"

तिला समजलं. आमच्या वस्तीतल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

"मंग?"

"मंग मी टेबलावर ठेवत गेलो. भांडलो नाही. पण सही झाल्याबिगर एक गाडी हालू देली नाही. एका दिवशी एकजण तसाच गाडी घेऊन निघाला. मी फाटकात जाऊन उभा राह्यलो. भरलेली गाडी, लोक वरडून राह्यले. त्याले उतरून यावं लागलं. कागद मी हातातच धरला होता, टेबल आतमधी होतं. त्याच्यानंतर हळूहळू घेऊ लागले. सगळे नाही. दोघंजण शेवटपर्यंत नाही घेतले. पण गाड्या टाइमावर सुटल्या."

ती ऐकत होती. भाकरीचा तुकडा तसाच हातात.

"घाबरत नव्हते का तुम्ही?"

"रोज पोट दुखे," हे म्हणाले. "तुह्या आईले विचार, ओवा खाऊन जात होतो मी."

ते खरं होतं. मी त्या वर्षी यांना ओवा द्यायची आणि मला वाटायचं स्टँडवरचं उघड्यावरचं खाणं बाधतं. पस्तीस वर्षांनी मला त्या पोटदुखीचं निदान कळलं.

मग हे खाली पाहत म्हणाले, "अन् तुह्या कामाचं मी लोकाईले सांगत नव्हतो. ते चुकलं माह्यं."

तिनं मान हलवली. "माईत होतं बाबा," एवढंच म्हणाली. पण ती उठली आणि यांच्या शेजारी, खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

संध्याकाळी चार वाजता आम्ही टॅक्सीनं चैत्यभूमीला गेलो. पूर्वी एकदाच गेलो होतो, डिसेंबरच्या गर्दीत. ती तेव्हा सहा वर्षांची. आख्खा दिवस रांगेत काढला होता, ती यांच्या खांद्यावर, आणि पोचलो तेव्हा हात जोडेपर्यंत पुढं ढकलले गेलो होतो. या वेळी साधा शनिवार होता. आत पंधरावीस माणसं. कुणी ढकललं नाही. आम्ही मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली, आणि मग मागच्या बाजूला वाळूजवळ बसलो. समोर पुन्हा समुद्र आला तेव्हा मी घाबरून तिच्याकडं पाहिलं.

"इथला चालते," ती म्हणाली.

कुणाला घाई नव्हती. तिनं मला नव्या जहाजाचे फोटो दाखवले, भट्ट्या, लांब टेबलं. मध्येच म्हणाली, हुकूम न घेणाऱ्या त्या माणसाला पहिल्याच दिवशी वेणीचा पाव करायला लावीन, मला येतो त्याहून चांगला येत असेल तर शिकून घेईन.  ती जाणार हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे तोवर माझं वय झालं होतं म्हणून मी मान्य केलं.

रविवारी दुपारी विमानतळावर ती आत गेली. काचेच्या पलीकडून हात केला आणि वळून चालू लागली, सरळ, पाठीवरची बॅग एका खांद्यावर. आम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत थांबलो आणि मग चहा प्यायलो.

आज त्याला सहा महिने होत आले. पहिले दोन महिने तिचे फोन लहान असत, आवाज ओढलेला. निरोप पाठवणाऱ्या त्या माणसानं दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. उरलेल्या पाचांपैकी एक जण, वयानं सगळ्यात मोठा, तिला आंबवलेल्या पिठाचं काहीतरी शिकवतो आहे. परवाच्या फोनवर ती अर्धा तास त्याच पिठाबद्दल बोलत होती. मला निम्मं कळलं नाही, पण आवाज मोकळा होता.

मधल्या एका फोनवर तिनं आम्हाला पासपोर्ट काढायला लावला होता, तो विषय आता पुढं सरकला आहे. फोटो काढले, कागद जोडले, कचेरीत जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. गेल्या मंगळवारी चौकशीसाठी पोलीस घरी आले. आमच्या ओळखीचे नव्हते, तरुण होते. ओसरीवर बसून त्यांनी आमचे कागद पाहिले, चहा घेतला आणि फॉर्मवर लिहिता लिहिता विचारलं, "काका, या वयात परदेशात कुठी जाता?"

यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "ती जिथं उतरेल तिथं."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. पण हसले, आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.